सळईची टेन्साइल टेस्ट: टेस्टिंग लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण माइल्ड स्टीलचा छान घोटलेला गोल तुकडा खेचतो. मशीनचा लोडचा काटा एका ठिकाणी थबकतो, सर म्हणतात "हा यील्ड", आपण आकडा लिहून घेतो आणि ग्राफही पुस्तकातल्यासारखाच येतो. लॅबमध्ये नोकरीला लागल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात समोर येते ती साइटवरून आलेली टीएमटी सळई (रोल केल्यावर पाण्याने झटकन थंड केलेली, काँक्रीटमध्ये घालायची सळई). ती गंजलेली असते, रिबांची असते, कधी टोकाला सिमेंट चिकटलेलं असतं आणि काटा कुठे थबकेल याचा भरवसा नसतो. या सळईवर नेमकं काय करायचं हे सलग सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. जुने टेक्निशियन काम उत्तम करतात, पण एखादी गोष्ट तशीच का करायची हे समजावायला त्यांना वेळ नसतो. ते सगळं इथे एका जागी लिहीत आहे.

उदाहरण म्हणून आपण १२ मिमीची फे ५०० डी सळई घेऊ (५०० म्हणजे किमान यील्ड, न्यूटन प्रति चौ. मिमीमध्ये; डी म्हणजे जास्त लांबू शकणारी ग्रेड). जालन्याच्या मिलची असो वा आणखी कुठली, महाराष्ट्रातल्या बहुतेक लॅबमध्ये हीच सळई सगळ्यात जास्त येते.

आधी चार गोष्टी मनात पक्क्या करा

यील्ड म्हणजे ज्या ताणानंतर सळई लोड काढल्यावर मूळ लांबीला परत येत नाही तो ताण (ताण म्हणजे लोड भागिले क्षेत्रफळ). अल्टिमेट म्हणजे तिने सोसलेला सर्वात मोठा ताण. इलाँगेशन म्हणजे तुटेपर्यंत ती टक्क्यांत किती लांबली ते. आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे नवखे बघतच नाहीत: अल्टिमेट आणि यील्ड यांचं गुणोत्तर. सळई कायमची ताणायला लागल्यानंतर तुटेपर्यंत तिच्यात किती ताकद शिल्लक आहे, हे त्यावरून कळतं. माझ्या मते रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. तो का, ते आठव्या पायरीत येईल.

जवळ काय हवं

कागदपत्रं:
- आयएस १६०८ भाग १ (टेस्ट कशी करायची) आणि आयएस १७८६ (सळईने काय गाठायला हवं). आयएस १७८६ बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर नोंदणी करून मोफत उतरवता येतं. सुधारणांची पानंही उतरवा.
- साइटचं पत्र: व्यास, ग्रेड, ब्रँड, हीट नंबर (भट्टीतल्या खेपेचा नंबर) किंवा लॉट, साइटचं नाव, नमुना कोणी आणि कधी घेतला.
- मिलचं टेस्ट सर्टिफिकेट.
- यूटीएम (सळई खेचायचं मशीन), एक्स्टेन्सोमीटर (सळईवर लावून तिची बारीक लांबीवाढ मोजायचं उपकरण), वजनकाटा आणि व्हर्नियर यांची चालू मुदतीची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं.
- निरीक्षणांची छापील शीट. चिठ्ठीवर लिहून नंतर उतरवायची सवय लावून घेऊ नका.

साहित्य: वायर ब्रश, स्टीलची पट्टी, व्हर्नियर, खुणा करायचं पंच किंवा मार्किंग मशीन, सळईच्या व्यासाला बसणारे जॉ (मशीनमध्ये सळई पकडणारे दातेरी जबडे), गॉगल आणि हातमोजे.

१. तुकडा ताब्यात घेताना

साधारण ६० सेंमी लांबीचा सरळ तुकडा बहुतेक मशीनना पुरतो. जाड सळईला जास्त लांबी लागू शकते, म्हणून साइटला आधीच सांगा. टोकं कशाने कापली आहेत तेही बघा. गॅस कटरने कापलेलं असेल तर तापलेला भाग जॉच्या बाहेर, मधल्या लांबीत येता कामा नये. चॉप-सॉ किंवा हॅकसॉने कापलेला तुकडा मागवणं केव्हाही बरं.

इथे एक मोठा सापळा आहे. कॉलेजात तुकडा लेथवर घोटून घेतात म्हणून काही जण सळईसुद्धा टर्निंगला पाठवतात. टीएमटीला हे मुळीच चालत नाही. रोलिंग संपताच सळईवर जोरात पाणी मारतात, त्यामुळे बाहेरचं कवच कडक मार्टेन्साइटचं होतं आणि आतल्या उष्णतेने ते टेंपर होतं. गाभा मात्र मऊ फेराइट-पर्लाइटचाच राहतो. सळईची बरीचशी ताकद त्या कवचात असते. ते लेथवर उतरवलंत, तर जी सळई स्लॅबमध्ये पडणार आहे तिची टेस्ट झालीच नाही. सळई रिबांसकट, जशी आली तशीच खेचायची. वाकडी असेल तर थंड अवस्थेतच सरळ करायची, तापवून नाही.

२. वजन करा, क्षेत्रफळ काढा

रिबांवर व्हर्नियर लावून व्यास घेण्यात अर्थ नाही. सळईचं क्षेत्रफळ वजनावरून काढतात. वायर ब्रशने गंज, माती, सिमेंट साफ करा, लांबी मोजा, वजन करा. लांबी निदान अर्धा मीटर हवी. लांबी आणि वजन दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत अचूक असायला हवं. सूत्र असं:

क्षेत्रफळ (चौ. मिमी) = वजन (किलो) ÷ (०.००७८५ × लांबी मीटरमध्ये)

आपला तुकडा ०.६०० मीटर लांब आणि ०.५२५ किलोचा आहे. क्षेत्रफळ आलं १११.५ चौ. मिमी. मीटरमागे वजन ०.८७५ किलो. १२ मिमीचं ठरलेलं वजन ०.८८८ किलो, म्हणजे सळई दीड टक्का हलकी. सुट्या नमुन्याला १२ मिमीसाठी उणे ६ टक्क्यांपर्यंत सूट आहे, त्यामुळे वजनात ती पास.

काही ठिकाणी वजन करायचा कंटाळा म्हणून सरसकट ११३.१ हे कागदावरचं क्षेत्रफळ धरतात. हलक्या सळईत याने ताण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, म्हणून कोणाला फारसं खटकत नाही. पण सळई ४ टक्के जड असेल आणि तिचा खरा यील्ड ४८५ असेल, तर कागदी क्षेत्रफळाने तो ५०४ दिसेल. नापास सळई पास! वजन करायला दोन मिनिटं लागतात. ती टाळू नका.

रिबांमुळे सळईचा छेद लांबीभर बराच बदलत असेल, तर आडव्या रिबा काढून पुन्हा वजन करायची पद्धत आयएस १७८६ मध्ये दिली आहे. नेहमीच्या सळयांना तिची गरज क्वचितच पडते.

३. गेज लेंग्थच्या खुणा

गेज लेंग्थ म्हणजे ज्या लांबीवर इलाँगेशन मोजायचं ती लांबी. ती ५.६५ गुणिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ इतकी असते. गोल सळईला हे जवळपास व्यासाच्या पाचपट येतं. आपल्या तुकड्यासाठी ५९.७, म्हणून ६० मिमी धरायची.

मध्यावर फक्त दोन खुणा करून थांबू नका. सळई कुठे तुटेल हे तिच्यावर आहे, तुमच्यावर नाही. जॉमधला भाग सोडून पूर्ण लांबीवर दर ५ किंवा १० मिमीला खुणा करा. मग कुठेही तुटली तरी तुटलेली जागा मधोमध येईल अशा दोन खुणा निवडता येतात. पंच हलक्या हाताने मारा. खोल खड्डा पडला तर सळई तिथूनच तुटते आणि दोष सळईच्या माथी जातो.

परदेशी सर्टिफिकेटशी तुलना करायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा: अमेरिकन एएसटीएमच्या १२.५ मिमी गोल तुकड्याला गेज लेंग्थ ५० मिमी, म्हणजे व्यासाच्या चौपट असते. गेज लेंग्थ आखूड असली की नेकचा (तुटण्याआधी सळई जिथे बारीक होते त्या भागाचा) वाटा वाढतो आणि त्याच धातूचं इलाँगेशन जास्त दिसतं. चौपट आणि पाचपटीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

४. मशीनची रेंज, शून्य आणि जॉ

आठ मिमीची सळई साधारण ३० किलोन्यूटनला तुटते. ती १००० किलोन्यूटनच्या मशीनवर मोठ्या रेंजमध्ये लावली, तर सगळी टेस्ट डायलच्या पहिल्या ३ टक्क्यांत उरकते. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र उघडून बघा. कोणत्या रेंजमध्ये किती लोडपासून पडताळणी झाली आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि त्याखालच्या लोडचा आकडा रिपोर्टमध्ये द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. मशीन क्लास १ किंवा त्याहून चांगलं हवं, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत. लहान सळईला लहान रेंज निवडा, किंवा लहान मशीन वापरा.

शून्य कधी करायचं? वरचं टोक पकडल्यानंतर, पण खालचा जॉ आवळायच्या आधी. दोन्ही जॉ आवळले की सळईवर थोडा लोड आलेलाच असतो. तेव्हा शून्य केलंत तर तो लोड कायमचा लपला. डिजिटल मशीनवर ही गोष्ट फार सर्रास होते, कारण टेअरचं बटण हाताशी असतं.

जॉचे दात झिजलेले असतील तर सळई घसरते. घसरताना काटा थबकतो आणि तो यील्डसारखाच दिसतो. जॉची लांबी किमान तीन चतुर्थांश भरेल इतकी सळई आत घाला आणि दोन्ही बाजूंनी सारखी घाला. दातांमध्ये अडकलेला स्केल (सळईवरून सुटणारा काळा पापुद्रा) रोज ब्रशने काढा.

५. लोड देण्याचा वेग

घाईत वेग वाढवला की यील्ड जास्त दिसतो. स्टीलचा हा स्वभावच आहे. ताणाच्या वेगाने चालवत असाल तर यील्डपर्यंत सेकंदाला ६ ते ६० न्यूटन प्रति चौ. मिमी ही मर्यादा आहे. आपल्या १११.५ चौ. मिमीच्या सळईला हे सेकंदाला ०.६७ ते ६.७ किलोन्यूटन होतं. मी सेकंदाला १० न्यूटन प्रति चौ. मिमीच्या आसपास ठेवण्याच्या बाजूचा आहे. यील्डपर्यंत जायला साधारण एक मिनिट लागतं आणि काटा नीट वाचता येतो. यील्ड ओलांडल्यावर वेग वाढवायला हरकत नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनवर वेग हातानेच धरावा लागतो, म्हणून सुरुवातीला घड्याळ लावून सराव करा.

टेस्टचं तापमान १० ते ३५ अंश असावं असं मानक सांगतं. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पारा याच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी लवकर टेस्ट उरका.

मशीन चालू असताना गॉगल काढू नका आणि सळईसमोर उभे राहू नका. तुटताना स्केलचे कण उडतात, आणि २५ मिमीची सळई तुटते तेव्हा सगळी शेड दणाणते.

६. यील्ड की प्रूफ स्ट्रेस

नवखे सर्वात जास्त अडतात ते इथे. माइल्ड स्टीलमध्ये काटा स्पष्ट थबकतो. टीएमटीत कधी थबकतो, कधी वेग नुसता मंदावतो, कधी काहीच दिसत नाही. थंड अवस्थेत पिळलेल्या जुन्या सळया, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम यांत स्पष्ट यील्ड नसतोच. अशा वेळी यील्डच्या जागी ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (ज्या ताणाला सळई ०.२ टक्के कायमची लांबते तो) काढायचा असतो आणि त्यासाठी एक्स्टेन्सोमीटर लागतोच.

पद्धत सरळ आहे. एक्स्टेन्सोमीटरची गेज लेंग्थ ५० मिमी असेल तर ०.२ टक्के म्हणजे ०.१ मिमी. लोड विरुद्ध लांबीवाढ असा ग्राफ काढा. लांबीवाढीच्या अक्षावर ०.१ मिमीवर खूण करा, तिथून सुरुवातीच्या सरळ रेषेला समांतर रेषा काढा. ती ग्राफला जिथे छेदेल तो प्रूफ लोड. आपल्या सळईत तो ६१.५ किलोन्यूटन आला. क्लिपचा एक्स्टेन्सोमीटर असेल तर त्यानंतर वेळेवर उतरवून ठेवा, सळई तुटण्याच्या धक्क्याने तो खराब होतो.

आता सापळा. मशीनचा स्क्रीन क्रॉसहेडची (मशीनच्या सरकणाऱ्या आडव्या भागाची) हालचाल वापरूनही ग्राफ काढतो आणि त्यावर सॉफ्टवेअर ०.२ टक्क्याची रेषा मारून देतं. ग्राफ दिसायला सुरेख असतो, पण त्या हालचालीत जॉची घसरण, मशीनच्या कॉलमचं ताणणं असं सगळं मिसळलेलं असतं. हे ओळखायची सोपी खूण आहे: सुरुवातीच्या रेषेचा उतार काढा. स्टीलचा मॉड्युलस सुमारे २०० गिगापास्कल असतो. तुमच्या ग्राफवरून तो कितीतरी कमी येत असेल, तर तुम्ही मशीन मोजताय, सळई नाही. त्या ग्राफवरचा प्रूफ स्ट्रेस रिपोर्टमध्ये लिहू नका.

७. तुटल्यानंतर

सर्वात मोठा लोड नोंदवा, आपल्याकडे ६९.६ किलोन्यूटन. दोन्ही तुकडे नीट जुळवा, एका रेषेत घट्ट धरा आणि निवडलेल्या खुणांमधलं अंतर घ्या. ६० चे ७२ मिमी झाले, म्हणजे इलाँगेशन २० टक्के. जुळवताना फट राहिली की इलाँगेशन फुकटात वाढतं, म्हणून उजेडासमोर धरून बघा.

तुटलेली जागा जवळच्या गेज खुणेपासून गेज लेंग्थच्या एक तृतीयांशापेक्षा जवळ असेल तर ते इलाँगेशन धरता येत नाही. तरीही ते किमान मर्यादेच्या वर असेल, तर टेस्ट ग्राह्य मानतात. जॉमध्येच किंवा त्याला लागून तुटली तर सरळ नवा तुकडा घ्या.

डी ग्रेडला आणखी एक आकडा लागतो: सर्वात मोठ्या लोडच्या क्षणी एकूण लांबीवाढ, किमान ५ टक्के. ती एक्स्टेन्सोमीटरवरून मिळते. तो उतरवला असेल तर नेकपासून दूरच्या भागात, जुन्या खुणांवरून कायमची वाढ मोजा आणि त्यात अल्टिमेट भागिले २००० इतके टक्के मिळवा. आपल्या सळईला ही भर ०.३१ टक्के येते. आधी पूर्ण लांबीवर खुणा केल्या असतील तरच हे जमतं.

८. हिशेब आणि निकाल

प्रूफ स्ट्रेस: ६१,५०० ÷ १११.५ = ५५२ न्यूटन प्रति चौ. मिमी. अल्टिमेट: ६९,६०० ÷ १११.५ = ६२४. गुणोत्तर १.१३. इलाँगेशन २०.०.

फे ५०० डी ला आयएस १७८६ मध्ये काय हवं? प्रूफ स्ट्रेस किमान ५००, अल्टिमेट किमान ५६५ आणि प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेसपेक्षा निदान १० टक्के जास्त, इलाँगेशन किमान १६. सर्वात मोठ्या लोडवरची वाढही ५ टक्क्यांच्या वर असेल, तर सळई पास. साध्या फे ५०० ला मर्यादा सैल आहेत: ५००, ५४५, ८ टक्के आणि १२. म्हणून पत्रावर नुसतं "५००" लिहून आलं असेल तर फोन करून ग्रेड विचारा. डी आहे की नाही यावर निकाल बदलू शकतो.

पण पास म्हणून थांबू नका. इमारत भूकंपात एकदम न तुटता लांबत तग धरेल अशी सळयांची रचना (डक्टाइल डिटेलिंग) करायची तर आयएस १३९२० लागू होतं. भूकंपाचे झोन ठरवणाऱ्या आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई आणि पुणे झोन तीनमध्ये आहेत, कोयना परिसर झोन चारमध्ये. आयएस १३९२० (२०१६) मध्ये अल्टिमेट आणि प्रूफ यांचं गुणोत्तर किमान १.१५ हवं. शिवाय प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेस ठरलेल्या ताकदीच्या २० टक्क्यांहून वर जाता कामा नये, म्हणजे ५०० च्या सळईला ६०० ही वरची मर्यादा. आपली १.१३ ची सळई आयएस १७८६ ला पास आहे आणि इथे नापास.

ताकद जास्त म्हणजे सळई चांगली, हा समज साइटवर पक्का बसलेला असतो. "५०० मागितली, ६३० आली, उत्तमच की!" असं कंत्राटदार खुशीत सांगतो. भूकंपात तुळईची सळई आधी ताणली जावी, लांबावी आणि त्यात धक्क्याची ऊर्जा जिरावी, खांब उभा राहावा, असं डिझायनरने धरलेलं असतं. तुळईतली सळई अपेक्षेपेक्षा खूप मजबूत निघाली, तर ती वेळेवर ताणलीच जात नाही आणि भार खांबावर व जोडावर जातो. गुणोत्तर कमी असेल, तर सळई एकाच जागी ताणून लवकर तुटते. म्हणून मी गुणोत्तराला सर्वात महत्त्वाचा आकडा म्हटलं. मानकात कलम आहे, पण साइटच्या पत्रात ते क्वचितच विचारलेलं असतं. कोणी विचारलं नसलं तरी रिपोर्टमध्ये गुणोत्तर छापा.

आकडे जसे आले तसे लिहा. "जरा ॲडजस्ट करा" असा फोन कधी ना कधी येणारच. लंडनच्या साउथवार्क स्ट्रीटवर डेव्हिड किर्काल्डी यांच्या टेस्टिंग वर्क्सच्या दारावर एकोणिसाव्या शतकापासून कोरलेलं आहे: मतं नव्हेत, वस्तुस्थिती. १८७९ मध्ये टे नदीवरचा रेल्वे पूल कोसळल्यावर त्याच्या लोखंडाचे तुकडे तपासायला याच ठिकाणी आले होते. तुमचा रिपोर्टही उद्या कोणी याच कारणासाठी उघडू शकतं.

९. तुकडा नापास झाला तर

आधी आपलं काम तपासा: वजन, रेंज, शून्य, घसरण, खुणा. त्यात चूक सापडली तर ती शीटवर लिहून नवा तुकडा घ्या. चूक नसेल तर निकाल तसाच राहतो. मग त्याच लॉटमधून आणखी दोन नमुने मागवायचे. दोन्ही पास झाले तर लॉट स्वीकारता येतो, एक जरी नापास झाला तर लॉट परत. पाच-सहा तुकडे खेचून त्यातला बरा निवडायचा, असं मानकात कुठेही नाही.

तुटलेले तुकडे लगेच भंगारात टाकू नका. नमुन्याचा नंबर ऑइल पेंटने लिहून, तारेने बांधून, तुमच्या लॅबच्या नियमात ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवा. निकालावर वाद झाला तर नेक, तुटलेला पृष्ठभाग आणि खुणांमधलं अंतर समोरच्या इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवता येतं.